साडेसहा बँडचे शास्त्र

आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा १९८९ पासून घेतली जाते. ब्रिटिश कौन्सिल, ऑस्ट्रेलियातील आयडीपी आणि केंब्रिज विद्यापीठाचा परीक्षा विभाग हे तिचे तीन धनी. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे तिचे चार विभाग असून प्रत्येकात शून्य ते नऊ असे बँड मिळतात. परदेशातली बरीच विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी एकूण साडेसहा बँड मागतात आणि कोणत्याही विभागात सहाच्या खाली गेलेले चालवून घेत नाहीत. पुण्या-मुंबईचा इंजिनिअर ऐकतो बरे, वाचतो बरे आणि बोलतो तर न विचारताही. तो अडतो लेखनात. त्यामुळे लेखनाची तयारी करून देणे हा एक स्वतंत्र धंदा झाला आहे.

लेखनाला ६० मिनिटे असतात. अकॅडमिक प्रकारात टास्क वनमध्ये आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखाद्या प्रक्रियेची आकृती देतात आणि तिचे किमान १५० शब्दांत वर्णन मागतात. टास्क टू म्हणजे किमान २५० शब्दांचा निबंध. पहिल्याला २० आणि दुसऱ्याला ४० मिनिटे द्यावीत असा अधिकृत सल्ला आहे, कारण दुसऱ्याचे वजन दुप्पट आहे. उमेदवार पहिल्याला ३५ मिनिटे देतो, कारण तो पहिला आहे.

गुण देण्याचे निकष चार, प्रत्येकी २५ टक्के: विचारले त्याचे उत्तर दिले का, मजकूर सलग वाचता येतो का, शब्दसंपत्ती कशी आहे, आणि व्याकरण किती विविध व किती बिनचूक आहे. कोणत्या बँडला काय अपेक्षित आहे याचे तपशीलवार वर्णन परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतःच प्रसिद्ध केले आहे आणि ते फुकट वाचता येते. फुकट असल्यामुळे त्याकडे कोणी फिरकत नाही. वाचायचेच तर पैसे भरून मिळालेला झेरॉक्सचा गठ्ठा वाचावा, अशी रीत आहे.

टास्क वनची मुख्य अट अशी की आलेखात दिसते तेवढेच लिहायचे. कारणे शोधायची नाहीत, मत द्यायचे नाही. मराठी उमेदवाराचा निम्मा जीव इथेच जातो. एखाद्या देशात मासळीचा खप वीस वर्षांत निम्म्यावर आला असे रेषा सांगत असताना तो का आला हे न सांगणे त्याला सभ्यपणाचे वाटत नाही. उमेदवार मालवणचा असेल तर त्या देशाला दोन शब्द सुनावल्याशिवाय त्याला दुसरा परिच्छेद सुचत नाही.

वर्णनासाठी क्लासमध्ये क्रियापदांचा तक्ता मिळतो. त्यात साधे वाढणे आणि साधे घटणे नसते. आकडा दोन टक्क्यांवरून तीनवर गेला की तो 'स्कायरॉकेटेड', पुन्हा दोनवर आला की 'प्लमेटेड', आणि अडीचवर जरा टेकला तर 'फ्लक्च्युएटेड ड्रामॅटिकली'. चहाच्या खपाचा आलेख त्यामुळे शेअर बाजार कोसळल्याच्या बातमीसारखा वाचला जातो. या उत्तराचा कणा खरे तर आढावा हा असतो: एकंदर कल काय, हे एक-दोन वाक्यांत सांगणे. तो नसेल तर वरच्या बँडची वाट बंद होते. परंतु तक्त्यातला प्रत्येक आकडा उतरवून काढणारा उमेदवार आढाव्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याआधी ३५ मिनिटे संपलेली असतात.

टास्क टू महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला परका नाही. 'विज्ञान: शाप की वरदान' हा निबंध त्याने दहावीपर्यंत अनेकदा लिहिलेला असतो. शाळेत अर्धे पान शाप, अर्धे पान वरदान आणि शेवटी 'अति तिथे माती' एवढ्यावर दहापैकी सात गुण मिळतात, कुणाचे मनही दुखावत नाही. इथे मात्र अमुक मताशी उमेदवार कितपत सहमत आहे, असे थेट विचारतात. अंशतः सहमत असायलाही मुभा आहे, फक्त ते अंश कोणते हे सांगावे लागते. वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंनी मान डोलावण्याचा सराव असलेल्याला ही मुभा फार जाचक वाटते.

त्यावर उपाय म्हणून साचा देण्यात येतो. आधुनिक युगात हा विषय अत्यंत वादग्रस्त ठरला आहे, हे त्यातले पहिले वाक्य. विषय विद्यापीठाच्या फीचा असो, प्राणिसंग्रहालयाचा असो की सायकलींसाठी वेगळ्या मार्गिकेचा, आधुनिक युगात तो वादग्रस्त असतोच. दुसऱ्या वाक्यात नाण्याला दोन बाजू असतात. मधे दोन परिच्छेदांच्या मोकळ्या जागा सोडलेल्या असतात, त्यांत विषय भरायचा. शेवटी सरकार आणि नागरिक यांनी हातात हात घालून प्रयत्न करावेत, असे आवाहन येते. असा सांगाडा ऐंशी-नव्वद शब्दांचा भरतो. म्हणजे प्रश्नपत्रिका उघडण्यापूर्वीच निबंध एक तृतीयांश लिहून झालेला असतो, आणि त्या तृतीयांशाचा प्रश्नाशी काही संबंध नसतो.

स्वतःच्या माहितीतले किंवा अनुभवातले उदाहरण द्यावे, अशी सूचना प्रश्नातच छापलेली असते. अनुभव हा प्रकार फारच घरगुती वाटत असल्याने क्लासमध्ये सर्वेक्षणाची शिफारस होते. परदेशातल्या एका नामांकित विद्यापीठाने नुकतेच सर्वेक्षण केले आणि त्यात ७८ टक्के लोक उमेदवाराच्या बाजूचे निघाले, हे वाक्य कोणत्याही विषयात बसते. अशा सर्वेक्षणाची सत्यता कोणी तपासत नाही. ज्या विद्यापीठात शिरण्यासाठी हा खटाटोप चाललेला असतो, तिथे मात्र पहिल्याच आठवड्यात काल्पनिक संदर्भ देणे हा शैक्षणिक गुन्हा असल्याचे सांगतात. एवढ्या उपयुक्त कौशल्याची तिथे ही किंमत होते.

सुसंगती या निकषासाठी जोडशब्दांची यादी असते: मोरओव्हर, फर्दरमोर, नेव्हरदलेस, ऑन द अदर हँड. प्रत्येक वाक्य यांपैकी एकाने सुरू करावे, असा नियम आहे. फोडणीतल्या कढीपत्त्याप्रमाणे ते प्रत्येक पदार्थात पडतात आणि खाणारा ते ताटाच्या कडेला काढून ठेवतो. प्रसिद्ध झालेल्या निकषांत जोडशब्दांचा अतिरेक हे पाचव्या बँडचे लक्षण सांगितले आहे, आणि यांत्रिक जोडणी हे सहाव्याचे. नवव्या बँडला जोडणी अशी हवी की तिच्याकडे सहसा लक्षच जाऊ नये. लक्ष जाणार नाही अशा गोष्टीची फी घेणे अवघड असल्याने हा भाग शिकवत नाहीत.

शब्दसंपत्तीचेही तसेच. 'मेनी' लिहिणे दारिद्र्याचे, 'प्लेथोरा' लिहिणे श्रीमंतीचे मानले जाते. मग उमेदवाराच्या शहरात 'प्लेथोरा' खड्डे आणि घरात 'मिरियड' काका असतात. पाठ केलेल्या ठरीव शब्दप्रयोगांचा गैरलागू वापर निकषांत चौथ्या बँडच्या रकान्यात नोंदवलेला आहे. व्याकरणात निर्दोष वाक्यांचे प्रमाण पाहतात. ते कळल्यावर उमेदवार अख्खा परिच्छेद एकाच वाक्यात कोंबतो, म्हणजे चूक एकाच वाक्यात झाली असे म्हणता यावे. 'अ' आणि 'द' कुठे घालावेत याला मराठीचा आधार नाही, त्यामुळे ते परिच्छेदभर सारख्या अंतरावर पेरले जातात.

पाठांतर करणाऱ्यांसाठी निकषांत खास तरतूद आहे. वीस किंवा त्याहून कमी शब्दांच्या उत्तराला एक बँड मिळतो. उत्तर संपूर्ण पाठ केलेले असल्याचे सिद्ध झाले, तर शून्य. म्हणजे महिनाभर घोकून अडीचशे शब्द ओकणाऱ्यापेक्षा 'प्रश्न कळला नाही' एवढे इंग्रजीत लिहून उठणारा सरस ठरतो. तरीही यंदाचे अपेक्षित प्रश्न आणि त्यांची नऊ बँडची उत्तरे यांच्या पीडीएफ मोबाइलवर फिरत राहतात. दहावीला अपेक्षित प्रश्नसंचांनी तारलेल्या पिढीचा विश्वास निकषांनी ढळत नाही.

लेखनाला कंटाळलेले काही जण पीटीई या परीक्षेकडे वळतात. तिथे गुणदानात यंत्राचा मोठा वाटा असतो, पट्टी १० ते ९० अशी असते आणि एका प्रश्नात अख्ख्या उताऱ्याचे सार एकाच वाक्यात, ५ ते ७५ शब्दांत मागतात. पूर्णविराम एकदाच वापरून सगळे सांगण्याची ही कला आपल्याकडे शासन निर्णय लिहिणाऱ्यांनी कधीच आत्मसात केली आहे, पण त्यांना परदेशी जायचे नसते.

निकाल साधारणतः असा लागतो: श्रवण आठ, वाचन आठ, संभाषण सात, लेखन साडेपाच. सरासरी ७.१२५ येते आणि ती जवळच्या अर्ध्या बँडवर आणून सात धरतात. एकूण सात मिळूनही अर्ज अडतो, कारण लेखन सहाच्या खाली आहे. त्यावर तीन मार्ग आहेत. एक म्हणजे फेरतपासणी: बँड वाढला तर तिची फी परत मिळते. दुसरा म्हणजे त्या एकाच विभागाची पुन्हा परीक्षा: ती संगणकावर परीक्षा दिलेल्याला, मूळ तारखेपासून ६० दिवसांत, एकदाच देता येते. तिसरा म्हणजे संपूर्ण परीक्षा पुन्हा: तिला भारतात १७-१८ हजार रुपयांच्या घरात खर्च येतो. तिन्ही मार्गांवर क्लासचे दार लागते. आत गेल्यावर दोष साच्याचा नसून तो नीट पाठ न केल्याचा असल्याचे समजते.

निकषांत जे मागितले आहे ते थोडक्यात असे: प्रश्न दोनदा वाचावा, भूमिका ठरवावी, दोन मुद्दे नीट फुलवावेत, आपल्याला येणाऱ्या शब्दांत लिहावे आणि शेवटची पाच मिनिटे चुका शोधाव्यात. या पद्धतीची नोट काढली तर अर्धे पान होते. अर्ध्या पानाचा तीन महिन्यांचा कोर्स बनत नाही, म्हणून ती बाजारात उपलब्ध नाही.

मिळालेल्या बँडची मुदत दोन वर्षे असते. त्यानंतर उमेदवाराला इंग्रजी येते असे गृहीत धरत नाहीत. मुदत उलटेपर्यंत त्याचा व्हिसा झाला नाही, तर त्याने नव्याने नाव नोंदवावे. जुन्या विद्यार्थ्यांना क्लासच्या फीमध्ये दहा टक्के सवलत असते.