इतर हक्कात

18 मे 1974 रोजी राजस्थानात पोखरणला जमीन हादरली आणि त्याचे भोग आले आमच्या तारापूरच्या वाट्याला. तारापूरचा त्यात काही हात होता म्हणावं, तर तसंही नाही. त्या अणुस्फोटाचं प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीतलं, आणि सायरस उभी राहिली ती कॅनडाच्या मदतीने. तारापूर बिचारं 1969 च्या ऑक्टोबरपासून निमूटपणे वीज करत होतं, अमेरिकेने 1963 च्या करारात कबूल केलेलं समृद्ध युरेनियम खाऊन. पण स्फोट झाला, अमेरिका रुसली, आणि राग काढायला हाताशी सापडलं तारापूरच. इंधन आधी रखडलं, मग बंदच झालं. पुढे 1982 मध्ये फ्रान्सने करार करून वेळ मारून नेली, 1995 मध्ये तर चीननेसुद्धा इंधन दिलं. वापरून झालेलं इंधन अमेरिका परत नेईना आणि त्यावर प्रक्रियाही करू देईना, म्हणून ते पाण्याच्या कुंडात साठत राहिलं. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन प्रकार पोथीत सांगतात. त्यातलं संचित ज्याला समजत नसेल, त्याला ते कुंड दाखवावं. अर्थात फाटकावरच्या जवानांनी आत सोडलं तर.

पालघर-बोईसर पट्ट्यात कर्मसिद्धांत हा असा चालतो. इतरत्र करावे तसे भरावे. आमच्याकडे करावे एकाने आणि भरावे शेजाऱ्याने. यात चित्रगुप्ताचा दोष नसावा, त्याची वही चोखच असणार. पण खाली अंमलबजावणीला त्याने एखादा तलाठी नेमलाय की काय अशी शंका येते. कर्माच्या सातबाऱ्यावर मालक एक, वहिवाट दुसऱ्याची आणि इतर हक्कात अख्खं गाव.

शास्त्र याच्या अगदी उलट सांगतं. ज्याचं कर्म त्यालाच फळ, या जन्मी नाही तर पुढच्या. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाकावर एक अख्खं प्रकरण घातलंय, आणि पुस्तकाला दुसरं नावच ‘कर्मयोगशास्त्र’ असं दिलंय. ते प्रकरण वाचताना माणसाला आपल्या प्रत्येक जांभईचा हिशेब द्यावा लागेल असं वाटायला लागतं. मात्र आपल्या घरात याच शास्त्राच्या पळवाटाही तितक्याच जुन्या. श्राद्ध मुलगा घालतो, गती बापाला मिळते. उन्हातान्हात वडाला फेऱ्या बाई मारते, आयुष्य वाढतं घोरत पडलेल्या नवऱ्याचं. पुण्य जर असं बिनबोभाट दुसऱ्याच्या नावावर चढत असेल, तर पापाला कोण अडवणार?

या विषयावरचं सगळ्यात मनमोकळं चिंतन ऐकायचं तर विरारहून डहाणूकडे निघणारी लोकल पकडावी. 2013 पासून ती डहाणूपर्यंत जाते. विरार सुटलं की वैतरणा लागते. गरुडपुराणातली वैतरणी एकदाच, तीही मेल्यावर ओलांडायची असते, गाईची शेपटी धरून. आमची नोकरदार मंडळी पास काढून रोज दोनदा नदी ओलांडतात, दरवाज्यातला दांडा धरून. परवा गाडी केळवे रोडच्या अलीकडे उभी राहिली ती राहिलीच. डब्यातल्या भजनी मंडळाचे अभंग संपले, टाळ पिशवीत गेले, तरी सिग्नल काही मिळेना.

“काय झालं हो काका?” एका पोराने विचारलं.

“मागून सुपरफास्ट येतेय. तिला आधी सोडणार.”

“मग आपण काय पाप केलंय?”

“आपण कशाला करायला पाहिजे?” टाळ बांधता बांधता काका म्हणाले. “तिच्यातल्या लोकांना उशीर झालाय, तो आपण भरायचा.”

मला वाटतं या एका वाक्यावर पीएच.डी. व्हायला हरकत नाही.

गंमत अशी की आमच्याच जिल्ह्यात, नालासोपाऱ्याजवळ भुईगावला, सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा 1956 मध्ये सापडला. त्या लेखात अशोक म्हणतो त्याचा मथितार्थ असा: आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात. करोत बापडे, पण त्यांचं फळ थोडं. हमखास फळ देणारा विधी वेगळाच आहे, आणि त्या यादीत तो पहिलं नाव घेतो ते दास आणि नोकर यांना नीट वागवण्याचं. सोपारा तेव्हा बंदर होतं, तिथे हा दगड कितीजणांनी थांबून वाचला असेल. पण पुढच्या बावीसशे वर्षांत डहाणू-तलासरीकडे तो मजकूर काही पोचला नाही. तिथे वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचा आणि ते फेडायला त्याच्याच शेतावर जन्मभर राबायचा. बायकोही राबायची. त्याला नाव होतं लग्नगडी. लग्न म्हणजे जन्माची गाठ असं आपण मंगलाष्टकं झाल्यावर हसत म्हणतो. तिथे ती गाठ सावकाराशी पडायची. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलंय, त्यांना ही वेठ-बिगार परत सांगायला नको. अशा ठिकाणी ‘नशिबात होतं’ या उत्तराइतकं सावकाराच्या सोयीचं दुसरं काही नसतं. गेल्या जन्मीचा पुरावा कोणी मागत नाही, आणि पुढच्या जन्मीच्या वायद्याला मुदत नसते. 1945 मध्ये वारल्यांनी हा हिशेब याच जन्मात तपासायचा ठरवला आणि वेठ बंद पाडली. कर्मसिद्धांतावरचं इतकं रोखठोक भाष्य मी दुसऱ्या कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीकडे वळलं की पुन्हा तोच सातबारा. कारखाने रसायनांचे आणि कापडाचे, सांडपाण्याचा नळ मात्र जाऊन पडतो नवापूरच्या समुद्रात. म्हणजे रंग कोणाच्या तरी शर्टाला लागतो आणि मासे पळतात नवापूरचे. शेवटी मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाचा दरवाजा ठोठावला. या लवादाच्या 2010 च्या कायद्यातच लिहिलंय की निवाडा करताना ‘जो दूषित करील तो भरील’ हे तत्त्व लावायचं. हे कायद्याचं कलम की हरिपाठ, असा प्रश्न पडावा! धर्मग्रंथांनी परलोकावर सोडलेलं काम संसदेने एका ओळीत इहलोकात आणलं. फरक इतकाच की मोक्षाला जन्मांचे फेरे असतात, तसे भरपाईला अपिलांचे.

आता कारखान्यांकडे बोट दाखवून आम्ही स्वतः नामानिराळे राहतो, असं कोणी म्हणू नये म्हणून पापलेटचंही सांगतो. सातपाटीचं पापलेट, म्हणजेच सरंगा, मुंबईत नाव सांगून विकलं जातं. 2023 मध्ये सरकारने त्याला राज्यमासा केलं. त्यानंतर एकदा बाजारात मी मावशींना विचारलं, “सरंगा नाही का आज?”

“सरंगा?” त्यांनी कोयता पुसत माझ्याकडे वर पाहिलं. “तो आता राज्याचा मासा झाला ना, मंत्रालयात बघा.”

टोपलीत होती ती तळहाताएवढी पिल्लं. लहान पापलेट मोठं व्हायच्या आत जाळ्यात येतं, मग पुढल्या वर्षी मोठं कुठून येणार? हे क्रियमाण कर्म, डोळ्यांदेखत चाललेलं. सरकारने आता कुठला मासा किती लहान असेपर्यंत पकडायचा नाही, याची मापं ठरवून दिलीत. पण मावशींचं म्हणणं वेगळंच होतं. “जाळ्यात येतं ते येतं, दादा. पण तुम्ही लोक मागता म्हणून तर टोपलीत येतं. हॉटेलवाल्याला पण ताटात मावेल एवढंच पायजे.” यावर उत्तर नव्हतं. मी मुकाट्याने बोंबील घेतले.

तेव्हा सातपाटीला अवश्य या. पालघरला उतरलात की रिक्षा मिळते. बाजारात गेलात तर मात्र वीतभराहून लहान पापलेट मागू नका, आणि कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका.