न धावलेले दोनशे किलोमीटर

पुण्याहून जेजुरीला जाऊन यायला ३०० किलोमीटर लागतात. नकाशात हे अंतर एका बाजूने पन्नासेक दिसते. दिवेघाट चढून पायी जाणाऱ्या वारकऱ्यांनाही ते त्याहून जास्त कधी भरलेले नाही. पण वारकऱ्यांनी सतरा सीटर ठरवलेली नसते. "पार्टी आउटस्टेशन ना? मग मिनिमम तीनशे पडतील," असे गाडीमालक फोनवर म्हणतो आणि खंडोबा गडासकट दीडशे किलोमीटरवर जाऊन बसतो.

कोथरूडचे एक कुटुंब घ्या. लग्न परवाच उरकले आहे, नव्या जोडप्याला घेऊन देवदर्शनाला जायचे आहे. माणसे सतरा आणि मांडीवरची मुले दोन. ही मुले गाडी ठरवताना मोजायची नसतात, बसताना मोजावी लागतात. दर २४ रुपये किलोमीटर. घरात आनंद. शंभर किलोमीटरचे २४०० रुपये, म्हणजे माणशी दीडशेसुद्धा नाहीत! मग मालक हळूच तीनशेवर येतो. ७२०० रुपये. टोल-पार्किंग वेगळे. ड्रायव्हरचा भत्ता ३०० वेगळा. भंडारा उधळलात तर गाडी धुवायचे ५०० वेगळे. (जेजुरीला जाऊन भंडारा न उधळणारी पार्टी मालकाला अजून भेटायची आहे.) आणि किलोमीटर धरायचे ते गॅरेज टू गॅरेज. हे गॅरेज कधी कोणी पाहिलेले नाही, पण पार्टी कोथरूडची असली की ते हडपसरला असते आणि पार्टी हडपसरची असली की वारज्याला. जेजुरीचा रस्ता हडपसरवरूनच जातो, तरी गाडी आधी पंधरा किलोमीटर उलटी कोथरूडला येते, माणसे भरते आणि सकाळी जिथून निघाली तिथूनच पुन्हा पुढे जाते.

मालकाची बाजू अगदीच खोटी नाही. कर्जाचा हप्ता, विमा, कर, परमिट, पासिंग हे सगळे गाडी दारात उभी असली तरी चालूच असते. गाडी शंभर किलोमीटरसाठी गावाबाहेर गेली तरी त्या दिवशी दुसरे भाडे मिळत नाही, हेही खरे. शहरातल्या शहरात ८ तास ८० किलोमीटर असे सरळ पॅकेज असते, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. मग गावाबाहेरच्या एका दिवसाचे ७२०० रुपये, एवढेच सांगून मोकळे व्हावे! पण तसे सांगितले तर जाहिरातीत मोठ्या अक्षरांत '२४ रुपये किलोमीटर' कसे छापणार?

या कारभारात दिवससुद्धा मालकाच्या घड्याळाने चालतो. तो रात्री बाराला संपतो. पहाटेच्या काकड आरतीला पोचायचे म्हणून जी मंडळी रात्री साडेअकराला निघतात, त्यांचा पहिला दिवस अर्ध्या तासाचा असतो आणि त्या अर्ध्या तासाचेही मिनिमम तीनशेच. म्हणजे गाडी बिलावर ताशी ६०० किलोमीटर वेगाने धावते. याच गाडीला कायद्याने स्पीड गव्हर्नर बसवलेला असतो, तो तिला ८०च्या पुढे जाऊ देत नाही. रस्त्यावर ८०, बिलात ६००. रात्री साडेअकराला निघणाऱ्यांना कोणीतरी अर्धा तास फाटकाशी गप्पा मारत बसायला सांगितले पाहिजे. पण मालक ते सांगत नाही आणि मोठे मेव्हणे "लवकर निघू, ट्रॅफिक लागायला नको" म्हणून सगळ्यांना सव्वाअकरालाच गाडीत बसवतात.

तर आपले कुटुंब. या कुटुंबात एक काका आहेत. सगळ्याच कुटुंबांत असतात. हे काका हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना न वापरलेली वस्तू परत करायची सवय आहे. दोनशे किलोमीटर शिल्लक राहतात आणि त्यांचे पैसे भरले आहेत, हे त्यांना आदल्या रात्री कळले. त्यांनी ड्रायव्हरशेजारची सीट धरली आणि मांडीवर वही उघडली. जेजुरीला नवऱ्या मुलाने रिवाजाप्रमाणे नवरीला उचलून पाच पायऱ्या चढल्या, येळकोट झाला, भंडारा उधळला गेला, तो माणसांच्या डोक्यावरून एसीच्या जाळीत शिरला. हे सगळे चालू असताना काका खाली पार्किंगमध्ये मीटरचा आकडा उतरवून घेत होते. अकरा वाजता त्यांनी जाहीर केले की आपण अजून फक्त पासष्टच वापरलेत. मोरगाव इथून सतरा किलोमीटर, इतक्या जवळ येऊन मयूरेश्वराचे दर्शन न घेणे बरे दिसत नाही. मोरगाव झाले. तिथे आत्या म्हणाल्या की अष्टविनायकाची यात्रा मोरगावला सुरू करावी लागते. आत्यांनी हे सहज म्हटले होते; काकांनी ते नोंदवून घेतले आणि सुरू केली. आठही गणपती करायचे तर साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर होतात, तेवढे शिल्लक नव्हते, म्हणून बजेटात बसणारे देव निवडण्यात आले. रांजणगाव बाद झाले, पाली आणि महड चर्चेलाही आले नाहीत, सिद्धटेक आणि थेऊर मंजूर झाले. सिद्धटेकसाठी पुणे जिल्हा ओलांडून भीमेकाठी अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यात जावे लागते, ही बाब काकांच्या लेखी जमेची होती. तिथला गणपती उजव्या सोंडेचा, अष्टविनायकातला तसा एकच, त्यामुळे बायकांना सावकाश दर्शन घ्यायचे होते आणि टेकडीला लांबलचक प्रदक्षिणाही घालायची होती. काकांनी प्रदक्षिणा नामंजूर केली. ती पायी असते, मीटरवर पडत नाही. थेऊरला दिवेलागण होऊन गेली होती; चिंतामणीच्या दारात काकांनी आधी वहीत आकडा लिहिला आणि मग चपला काढल्या. तिथून आत्यांना त्यांच्या घरी, मेव्हण्यांना त्यांच्या घरी घरपोच सोडणे झाले, एरवी ज्यांना रिक्षा करून देतात त्यांनाही. तरी चाळीसेक उरले. मग रात्री नऊ वाजता, दिवसभरात चार देवळे झालेली, नवरदेवाची पाठ धरलेली, मांडीवरची दोन्ही मुले रडून रडून झोपलेली असताना, उरलेली वरात खडकवासल्याच्या चौपाटीवर भाजलेले कणीस खायला नेण्यात आली. कणीस कोणाला नको होते. किलोमीटर वसूल करायचे होते.

परतताना काकांचे डोळे मीटरवरून हलेनात, कारण तीनशेच्या वर गेले की प्रत्येक किलोमीटरला जादा २४ रुपये. नवीन सूनबाईंना मेडिकलमध्ये थांबून डोकेदुखीची गोळी घ्यायची होती, त्यासाठी गाडी पुढच्या चौकातून वळवावी लागली असती. नकार मिळाला. सोसायटीच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा आकडा होता २९६. काकांनी खाली उतरून मेव्हण्यांना फोन लावला आणि विजयाची बातमी दिली. मालकाचे बिल दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर आले: एकूण ३११. जादा ११ किलोमीटर, २६४ रुपये. गाडीला गॅरेजला परतायचे होते, ते पंधरा किलोमीटर काका विसरले होते.

इथे हसून घ्यावे, कारण पुढचे हसण्यासारखे नाही.

ती गाडी कोणीतरी चालवत होते. पार्टीने सहाला निघायचे म्हणून पहाटे पाचचे रिपोर्टिंग दिले होते आणि प्रत्यक्षात ती सात वाजता निघाली. पाचला कोथरूडला पोचायचे म्हणून ड्रायव्हर साडेतीनला उठला, चारला हडपसरला गाडी पुसून, डिझेल पाहून, हार घालून निघाला. रात्री साडेअकराला त्याने ती परत गॅरेजला लावली. साडेएकोणीस तास. त्यात एसीच्या जाळीतला भंडारा ब्रशने काढणे धरलेले नाही, ते त्याने नंतर केले. धुण्याचे ५०० मालकाच्या खिशात गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारचे रिपोर्टिंग होते, नाशिकचा साखरपुडा, दोनशेहून जास्त किलोमीटर एका बाजूने. म्हणजे तो झोपला तर तीन तास, तेही बहुधा गाडीतच, मागच्या लांब सीटवर. त्या नाशिकच्या गाडीतही सतरा माणसे आणि मांडीवरची मुले बसणार होती आणि त्यांच्यापैकी एकानेही फोनवर विचारले नव्हते की ड्रायव्हर काल रात्री किती वाजता घरी गेला. पुशबॅक सीट आहेत का, चार्जिंग पॉइंट आहे का, गाणी ब्लूटूथवर लागतात का, हे सगळे विचारून झाले होते.

याबद्दल कायदा नाही असे कोणी समजू नये. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा; २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत विलीन झाला. त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असे काम लिहिले होते. काही मालक सांगतात की तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांनाच लागायचा, आमच्याकडे दोन गाड्या आणि दोन पोरे. त्यांनी मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम ९१ वाचावे. वाहतुकीच्या वाहनावर काम करणाऱ्या कोणत्याही माणसाचे तास १९६१च्या कायद्याप्रमाणेच असावेत, असे त्यात म्हटले आहे. कोणत्याही. म्हणजे दोन गाड्यांच्या मालकाच्या पोरालाही. पण या धंद्यात गाडीला मिनिमम आहे आणि ड्रायव्हरला मॅक्सिमम नाही. न धावलेल्या किलोमीटरचा पैसा पैपर्यंत लागतो. स्टिअरिंगवर काढलेल्या तासांचा हिशेब ठेवायला एक चिठ्ठीसुद्धा नाही.

आणि हे सगळे मालकाच्या माथी मारून पार्टीला सुटता येणार नाही. न धावलेल्या दोनशे किलोमीटरचे ४८०० रुपये कुरकुर न करता भरणाऱ्या याच घराने ड्रायव्हरच्या भत्त्यावर घासाघीस केली होती. "तीनशे जरा जास्त वाटतात हो, जेवण आमच्याकडेच आहे ना त्याचे." जेवण होते खरे. मोरगावला सगळ्यांची पंगत उठल्यावर, पुऱ्या संपल्यावर, "दादा, तुम्ही पण दोन घास खाऊन घ्या, आपल्याला लगेच सिद्धटेकला निघायचंय" असे. काकांनी जे दोनशे किलोमीटर मोठ्या हिकमतीने वसूल केले, ते मालकाकडून वसूल झालेच नाहीत. मालकाला ७२०० मिळणारच होते, वर २६४ मिळाले. वसुली झाली ती स्टिअरिंगवरच्या माणसाकडून, त्याच्या झोपेतून, आणि ते किलोमीटर कापले गेले ते काकांची सून, पुतणे आणि नातवंडे मागे बसलेली असताना, रात्री, धरणाच्या रस्त्यावर.

पुढच्या वेळी गाडी ठरवाल तेव्हा मालकाला तीन गोष्टी लिहून मागा: दिवसाचे भाडे एका आकड्यात, ड्रायव्हरची आदल्या रात्रीची सुटण्याची वेळ, आणि बारा तासांपेक्षा जास्त फिरायचे असेल तर दुसरा ड्रायव्हर. दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे पार्टीने द्यावेत. जेजुरीच्या सहलीत दोनशे किलोमीटर हवेत भरता येत असतील, तर तेही परवडतील. भत्ता ड्रायव्हरच्या हातात द्या, बिलात नको. आणि जेजुरी झाली की घरी या.