बिबट्यावाले काका

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पहाटे फिरायला येणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एक बिबट्यावाले काका असतातच. पांढरे बूट, कानटोपी आणि खिशात पारले-जीचा पुडा. "काल रात्री होता इथे," अशी त्यांची सुरुवात. कोण, ते विचारायचं नसतं. मग ते मातीतला ठसा दाखवतात. त्यात नखं स्पष्ट उमटलेली असतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणजे हा ठसा कुत्र्याचा, हे काकांना सांगणार कोण?

"काका, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलाय?"

"पाहायला कशाला लागतो? वास येतो!"

मनाने माणूस दयाळू. माकडांना रोज बिस्किटं आणि शनिवार मारुतीचा, म्हणून केळी. तीही 'प्राण्यांना खाऊ घालू नये' या पाटीखालीच, कारण तिथे सावली असते. पुढे एखादा हुशार हुप्प्या थेट पिशवीलाच हात घालतो. मग काका "हट्, हट्" करत मागे सरतात आणि वनखात्याचं लक्ष नाही म्हणून चिडतात. आता ज्याला रोज पुडा फोडून दाखवला, तो पुडा कुठे असतो हे विसरेल कसा?

परतताना उरलेली बिस्किटं सोसायटीच्या फाटकाजवळच्या कुत्र्यांना. कचऱ्याच्या ढिगावर आणि असल्या खाऊवर कुत्री पोसली जातात, आणि या भागातल्या बिबट्यांच्या जेवणात कुत्र्यांचा वाटा मोठा. थोडक्यात, काका रोज सकाळी बिबट्याचं ताट वाढून ठेवतात. एके रात्री पाहुणा जेवायला येतो, सीसीटीव्हीत शेपूट दिसते, आणि दुसऱ्या दिवशी तातडीच्या सभेत सर्वांत मोठा आवाज काकांचा: "पिंजरा लावा! उचला आणि लांब नेऊन सोडा!" असा परमुलखात सोडलेला बिबट्या प्रश्न मिटवत नाही, तो दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवतो; जुन्नर भागातल्या अभ्यासातून वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी हे कधीच दाखवून दिलंय. पण काका अभ्यास वाचत नाहीत. त्यांना वास येतो ना!

तेव्हा वाचकहो, बिबट्या दिसलाच तर घेराव घालू नका, मोबाइल घेऊन मागे धावू नका, वनखात्याचा 1926 हा क्रमांक फिरवा. काका दिसले तर मात्र आधी बिस्किटाचा पुडा काढून घ्या.