अनाथ पाहिजेत (आईवडील असल्यास चालतील)

उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘यंदा कुठे?’ हा प्रश्न कोथरूडात आता जपून विचारावा लागतो. ‘युरोप’ असं उत्तर देणारा माणूस हल्ली जरा ओशाळतो. बारा दिवसांत आठ देश, बर्फात उभं राहून खाल्लेली पुरणपोळी, आयफेल टॉवर चिमटीत धरल्याचा फोटो हे सगळं प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, त्यामुळे कुणीच कुणाचं बघत नाही. आता मान आहे तो सेवेला. परदेशी जायचं, सोमवार ते शुक्रवार गरिबांचं भलं करायचं, शनिवार-रविवार देवळं आणि समुद्रकिनारे बघायचे आणि येताना ड्यूटी फ्रीमधून मेव्हण्यासाठी काय ते आणायचं. पुण्य आणि पर्यटन एका तिकिटात बसवण्याची सोय काशीयात्रेतही होती म्हणा. पण तिथलं पुण्य हातात पडायला मरावं लागे. आता ते त्याच दिवशी संध्याकाळी इन्स्टाग्रामवर जमा होतं.

आमच्या सोसायटीत बी विंगमध्ये अकरावीतला एक हुशार मुलगा आहे. त्याला बारावीनंतर अमेरिकेत जायचंय. त्यासाठी सध्या त्याचं ‘प्रोफाइल बिल्डिंग’ चालू आहे. काउन्सेलर मॅडमनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, “मॅथ्स उत्तम आहे, कोडिंग आहे, तबल्याच्या परीक्षा आहेत. कम्पॅशन कमी दिसतंय.” आईच्या पोटात गोळाच आला. रक्ताच्या रिपोर्टनंतर असं प्रथमच कुणी बोललं होतं.

“किती दिवसांत भरून निघेल?” वडिलांनी विचारलं. ते अकाउंट्समध्ये आहेत.

“चौदा. पण परदेशातलं हवं.”

तेव्हा मुलाने कंबोडियात सिएम रीपला जाऊन अनाथ मुलांना इंग्रजी शिकवायचं ठरलं. अंकोरवाट तिथून जवळच आहे हा केवळ योगायोग. सेवेची फी भरली, जाण्यायेण्याचं तिकीट काढलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायचं तर डी.एड. लागतं, टीईटी पास व्हावी लागते आणि मग भरती निघण्याची वाट बघत लग्नाचं वय उलटून जातं. कंबोडियातल्या पोरांना शिकवायला सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट पुरला. आमच्या सोसायटीत भाडेकरू ठेवायचा झाला तरी पोलीस व्हेरिफिकेशन मागतात. इथे परक्या देशातल्या लहान मुलांना मांडीवर घेऊन बसायचं होतं, त्यामुळे कुणाला तसली शंका येण्याचं कारणच नव्हतं.

आता ही अनाथ मुलं येतात कुठून, असा रसभंग करणारा प्रश्न आमच्यासारखे लोकच विचारतात. कंबोडियात ख्मेर रूजची राजवट १९७९ साली संपली. त्या चार वर्षांत खरोखरच लाखो माणसं मेली आणि मुलं उघडी पडली. पण ती मुलं २००५ पर्यंत स्वतः आईबाप झालेली. देशात शांतता होती, तेव्हा अनाथाश्रम ओस पडायला हवे होते. २००५ मध्ये कंबोडियात १५४ अनाथाश्रम होते, २०१० मध्ये ते २६९ झाले. म्हणजे पाच वर्षांत पाऊणपट वाढ. याच पाच वर्षांत दुसरं काय वाढलं? परदेशी पर्यटक. साधारण १४ लाखांचे २५ लाख झाले, म्हणजे तीही पाऊणपटच. बी विंगमधल्या वडिलांना मी हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडून दाखवले. त्यांनी चष्मा सारखा केला आणि अकाउंट्सवाल्याच्या प्रामाणिकपणे म्हणाले, “टॅली होतंय.”

युनिसेफच्या पाहणीत तर त्या आश्रमांतल्या चार मुलांपैकी तिघांचे आई किंवा वडील, निदान कुणीतरी एक, हयात निघाले. आईबाप खेड्यात भातशेती करतात, पोरगं शहरात अनाथाची नोकरी करतं. ‘शाळा मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल,’ असं सांगून कुणीतरी त्याला घेऊन येतं. घरी जेवणाची हमी असती तर आईने तरी पोराला सोडलं असतं का! आश्रमाला मूल लागतं, कारण मूल दिसल्याशिवाय पाहुणा पेटीत नोट टाकत नाही. मुलं संध्याकाळी अप्सरानृत्य करून दाखवतात, दिवसा पर्यटकांना पत्रकं वाटतात. अंगात नवा शर्ट दिसला तर देणग्या रोडावतात, म्हणून शर्ट जुना ठेवायचा. कंबोडियात काम करणाऱ्या फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेने २०११ च्या सुमारास मोहीमच काढली होती: मुलं म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हेत. त्या पोस्टरवर मुलं वस्तुसंग्रहालयातल्यासारखी काचेच्या पेटीत आणि पर्यटक बाहेरून फोटो काढताहेत. काहींनी त्या पोस्टरचेही फोटो काढले असतील.

तिथली मुलं मात्र धंद्यात मुरलेली असणार, याची मला खात्री आहे. दर पंधरवड्याला नवी ताई नाहीतर नवा दादा येतो आणि ‘हेड, शोल्डर्स, नीज अँड टोज’पासून सुरुवात करतो. आदल्या बॅचने काय शिकवलं हे विचारायला आदली बॅच थांबलेली नसते. त्यामुळे मुलांनी कितव्यांदा तरी डोकं, खांदे, गुडघे नव्याने शोधायचे, दुसऱ्या ओळीला मुद्दाम चुकायचं आणि शुक्रवारी एकदम बरोबर म्हणून दाखवायचं, म्हणजे दादाचे डोळे भरून येतात. शनिवारी निरोपसमारंभ, रडारड. रविवारी विमानतळावरून पुढची गाडी. आपल्या बालनाट्य स्पर्धांत एवढ्या तयारीची मुलं क्वचित दिसतात. गंमत बाजूला ठेवून सांगायचं तर पंधरा दिवसांत लळा लावून निघून जाणाऱ्या माणसांची अशी रांग लहान मुलाच्या मनाचं काय करते, यावर बालमानसतज्ज्ञांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. पण ते ब्रोशरमध्ये बसत नाही.

बांधकामवाली सेवा त्या मानाने कमी घातक, कारण विटेला लळा लागत नाही. एका अमेरिकन तरुणीने २०१४ साली आपला अनुभव लिहिला होता. शाळेच्या गटाबरोबर ती टांझानियात वाचनालय बांधायला गेली. दिवसभर मुली विटा रचायच्या आणि रात्री गावातली माणसं गुपचूप येऊन ती भिंत उतरवून पुन्हा नीट बांधायची, म्हणजे सकाळी पाहुण्यांना वाईट वाटू नये. त्या गावात मुळात सेवा कोण कुणाची करत होतं, हे ज्याचं त्याने ठरवावं. आमच्या एनएसएसच्या शिबिरातही दरवर्षी त्याच खड्ड्यात वृक्षारोपण होत असे, पण त्यासाठी आम्ही विमानाने गेलो नव्हतो.

ज्यांना माणसांच्या पोरांची भीती वाटते त्यांच्यासाठी दक्षिण आफ्रिकेत सिंहाची पोरं आहेत. तीही अनाथच. पैसे भरायचे, बछड्याला बाटलीने दूध पाजायचं, ‘मोठा झाल्यावर याला जंगलात सोडणार’ हे ऐकून गहिवरायचं. बछड्याची आई पलीकडच्याच कुंपणात असते. पोर तिच्यापासून जन्मल्यावर थोड्याच दिवसांत काढून घेतलेलं असतं, म्हणजे ती पुन्हा लवकर गाभण राहते. बाटलीने वाढलेला सिंह जंगलात जगू शकत नाही. मोठा झाला की अनेकदा त्याची रवानगी कुंपणातल्या शिकारीकडे होते, तिथे दुसरा पर्यटक दुसऱ्या कारणासाठी पैसे भरून बंदूक घेऊन उभा असतो. ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटाने २०१५ मध्ये हे सगळं दाखवलंय. एकाच सिंहावर दोन पर्यटक जगवणारा हा व्यवसाय आपल्या साखर कारखान्यांनी अभ्यासावा. उसाच्या चिपाडातूनही इतकं निघत नाही.

नेपाळचं नाव काउन्सेलर मॅडमनी बॅकअप म्हणून दिलं होतं. तिथे १९९६ ते २००६ माओवाद्यांचं युद्ध चाललं होतं. तेव्हा हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल फिरायचे. ‘मुलाला काठमांडूच्या बोर्डिंगात घालतो,’ म्हणून ते आईबापांकडूनच पैसे घ्यायचे आणि शहरात आल्यावर त्याच आईबापांना कागदोपत्री मारून टाकायचे. आपल्याकडे सात-बारावरून नाव उडवायला तलाठ्याकडे किती खेपा घालाव्या लागतात! २०१५ च्या भूकंपानंतर मुलं अशी पळवली जातील या धास्तीने तिथल्या सरकारला परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने तर २०१७ च्या अहवालात अशा अनाथाश्रमांचा विचार आधुनिक गुलामगिरीच्या खात्यात केला. मॅडमच्या यादीत नेपाळ ‘मीनिंगफुल’ या खात्यात आहे.

बाहेरून आलेली माणसं उपयोगी पडतच नाहीत, असं नाही. बिहारमध्ये १९३४ साली भूकंप झाला तेव्हा पिएर सेरेझोल नावाचा स्विस इंजिनिअर आला आणि गावं पुन्हा उभी करण्याच्या कामात १९३७ पर्यंत जाऊन-येऊन राहिला. तो इंजिनिअर होता आणि थांबला, या दोन्ही गोष्टी ब्रोशरवाल्यांना परवडण्यासारख्या नाहीत.

न राहवून मी बी विंगमध्ये जाऊन सुचवलं की कम्पॅशनच वाढवायचं असेल तर बाबा आमट्यांनी १९६७ साली सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी आहे सोमनाथला, चंद्रपूर जिल्ह्यात. भर मे महिन्यात असते. पहाटे उठायचं, कुदळ-फावडं घ्यायचं. पारा पंचेचाळिसाला टेकतो. अनाथ वगैरे कुणी नाचून दाखवत नाही. आणि पासपोर्ट लागत नाही.

मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, “काका, चंद्रपूरला नेटवर्क असतं?”

वडिलांनी एसी कोचच्या तिकिटाचा अंदाज काढला आणि खर्चाच्या बाजूला एवढासा आकडा बघून त्यांना संशय आला. आई मात्र खरंच विचारात पडली. “कल्पना वाईट नाही हो भाऊजी,” त्या म्हणाल्या, “पण तिथलं सर्टिफिकेट मराठीत असलं तर? ते परत इंग्रजीत करून नोटरी करून घ्यायचं, त्याचे वेगळे द्यायचे. आणि मॅडम म्हणतात, तिकडच्या लोकांना चंद्रपूर गरीब आहे हे माहीतच नसतं.”