पेठेतला खेडूत आणि वेल्ह्याचा शहरी

मोठ्या शहराच्या ऐन मध्यवस्तीत राहण्याचं सुख कशात आहे, असं पुण्याच्या पेठांत कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं : "सगळं कसं हाकेच्या अंतरावर!" मंडई हाकेच्या अंतरावर, तुळशीबाग हाकेच्या अंतरावर, डॉक्टर समोरच्याच जिन्यावर, आणि वैकुंठ म्हणाल तर तेही काही फार लांब नाही. हे उत्तर शंभर टक्के खरं आहे आणि म्हणूनच ते पेठेच्या विरुद्ध जातं. देऊळ, बाजार, शाळा, वैद्य, न्हावी आणि स्मशान असं सगळं जिथे पायी जाण्याच्या टप्प्यात असतं, कोण कुणाकडे किती वाजता गेला आणि परतताना त्याच्या हातात कसली पिशवी होती हे जिथे चार घरांना ठाऊक असतं, ती वस्ती खेड्याखेरीज दुसरं काय असणार? माझं म्हणणं असं की, पुण्याच्या मध्यवस्तीतला माणूस शहरात राहतच नाही. शहरात राहतो तो भोर आणि वेल्हे या डोंगराळ तालुक्यांतला माणूस. हे वाचून पेठेतले वाचक चष्मा पुसून पुन्हा वाचतील आणि वेल्ह्याचे वाचक एसटीत उभे असल्यामुळे त्यांना धड हसताही येणार नाही. तरी पुरावा मांडून बघू.

पहिला पुरावा दैवतांचा. पुण्याचं ग्रामदैवत कसबा गणपती, ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी, आणि दोघांचाही मुक्काम पेठांतच. इतर गावांना वेशीवरचा एक मारुती पुरतो. पेठांचं तेवढ्यावर भागलं नाही, म्हणून सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती आणि तरीही कमतरता राहू नये म्हणून एके ठिकाणी एकदम अकरा मारुती. दुसरा पुरावा बलुतेदारीचा. तांबट आळी, बुरूड आळी, कासार आळी, शिंपी आळी, भोई आळी, कुंभारवाडा ही यादी वाचताना आपण महानगराचा नकाशा बघतोय की पाटलाच्या दप्तरातला कागद, असा प्रश्न पडावा. बऱ्याच पेठांची नावं वारांवरून, म्हणजे आठवड्याच्या बाजाराच्या हिशेबाने. दुपारी जेवून पडायची पद्धत तर शुद्ध शेतकऱ्याची. ती भोर-वेल्ह्यात भातलावणीच्या दिवसांत बिचाऱ्या शेतकऱ्याला सोडावी लागते. पेठेतल्या दुकानदाराने मात्र बारा महिने निष्ठेने पाळली आहे. राहता राहिली जत्रा. वेल्ह्याला मेंगाई देवीची यात्रा भरते, तशी पेठांत गणपतीत भरते. फरक इतकाच की, इथे विसर्जनाची मिरवणूक पुरा एक दिवस आणि एक रात्र उलटली तरी लक्ष्मी रस्त्यावरून हलायला तयार नसते. आणि शेवटचा पुरावा शिवेचा. पेठेतल्या जुन्या माणसाच्या मते लकडी पुलापलीकडे परमुलूख सुरू होतो. नातेवाईक कोथरूडला राहायला गेले की त्यांच्याबद्दल तो "पार तिकडे गेले" असं ज्या सुरात सांगतो, त्या सुरात वेल्ह्याचा माणूस मुलगा अमेरिकेला गेला तरी बोलत नाही.

आता त्या वेल्ह्याच्या माणसाकडे बघा. २०११ च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या साधारण ५४ हजार होती. एवढ्या माणसांसाठी सगळं जागेवर आणून ठेवायला कुणी तयार नसतं, म्हणून तीच माणसं सगळ्याकडे जातात. दाव्याची तारीख असली की शिवाजीनगरचं कोर्ट, जमिनीचं प्रकरण अडलं की जिल्हाधिकारी कचेरी, दुखणं हाताबाहेर गेलं की ससून, माल विकायचा तर मार्केट यार्ड, पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा तर लक्ष्मी रस्ता, पोराची पुस्तकं आप्पा बळवंत चौकात आणि पंपाचा स्टार्टर बुधवार पेठेत. भोरचा माणूस कापूरहोळावरून, वेल्ह्याचा चेलाडी फाट्यावरून महामार्गाला लागतो. खेड-शिवापूरचा टोलनाका, शिंदेवाडी, कात्रजचा बोगदा असं करत स्वारगेटला उतरतो आणि दिवसभरात पुणं उभं-आडवं वापरतो. कुठली गल्ली एकेरी आहे, सम तारखेला गाडी कुठल्या बाजूला लावायची आणि कुठल्या खिडकीवरचा कारकून जेवायच्या सुट्टीनंतर परत येतो, हे त्याला पेठेतल्या माणसापेक्षा जास्त माहीत असतं. पेठेतल्या माणसाने शनिवारवाडा शेवटचा कधी पाहिला? पाहुणे आले होते तेव्हा. सरकारलाही हे पटलं असावं. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालं, त्याच्या हद्दीत भोर आणि वेल्ह्याचाही काही भाग आला. त्यामुळे तिथल्या भातखाचरात गुडघाभर चिखलात उभा असलेला शेतकरी कागदोपत्री महानगरातच उभा आहे.

यावर पेठेतून पहिला आक्षेप येतो तो इतिहासाचा. "आमच्या मध्यवस्तीला इतिहास आहे, म्हटलं!" आहेच. पण तो पुढे करून वेल्ह्याशी वाद घालणं धोक्याचं आहे, कारण या तालुक्यात तोरणा आहे आणि राजगडही आहे. सरकारने तर आता तालुक्यालाच राजगड हे नाव दिलं आहे. स्वराज्याची राजधानी सुमारे पाव शतक राजगडावर होती. तेव्हा राज्याचा मध्य वेल्ह्यात होता आणि पुणं हा वाटेवरचा कसबा होता. पुढे राजधानी रायगडावर गेली, मग सत्तेचं ठाणं साताऱ्यात, मग पेशव्यांबरोबर पुण्यात आलं. शनिवारवाड्याची उभारणी १७३० च्या दशकातली, हे लक्षात घेतलं की मध्यवस्ती ही बदलीची जागा आहे, वंशपरंपरागत वतन नव्हे, हे कळतं. शिवाय या मध्यवस्तीत सोयीची जागा बघून राहायला आलेला पहिला नामांकित पाहुणा म्हणजे शाहिस्तेखान. १६६० मध्ये आला, लाल महालात बिऱ्हाड थाटलं आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री बोटं गमावली. मावळे वरातीच्या मिषाने शहरात शिरले असं सांगतात. मध्यवस्तीत राहायचं तर रस्त्यावरच्या वाजंत्रीकडे कानाडोळा करायची सवय लागतेच. खानाच्या पहारेकऱ्यांना ती तीन वर्षांत पुरती लागली असावी. मध्यवस्तीत कामापुरतं यावं, मुक्काम ठोकू नये, हा धडा शिवाजी महाराजांनी तेव्हाच घालून दिला आहे. आणि वाड्यांची ऐट मिरवायची असेल, तर पेठांतले बहुतेक वाडे पाडून तिथे लिफ्टच्या इमारती उभ्या राहिल्या. अस्सल चौक, दिवाणखाना आणि लाकडी खांब दाखवायचे असले की सिनेमावाले कॅमेरे घेऊन भोरला, पंतसचिवांच्या १८६९ मधल्या राजवाड्यात जातात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. "खेडं आहे म्हणता, मग जागेला एवढा भाव कसा?" भाव आहे, हे मान्य. पण भाव जागेला असतो, राहण्याला नसतो. राहणारा जुना भाडेकरू असेल तर १९४७ पासून चालत आलेल्या भाडे नियंत्रणाच्या कृपेने त्याचं महिन्याचं भाडं दोन कप चहाच्या आसपास असतं आणि मालकाशी चालू असलेला दावा तिसऱ्या पिढीत गेलेला असतो. वारस मंडळी केव्हाच सिंहगड रस्त्याला निघून गेली. मग सदाशिव आणि नारायण पेठेत आज खरोखर राहतं कोण? अभ्यासिकांच्या आसपास कॉट बेसिसवर राहणारी, स्पर्धा परीक्षा देणारी खेड्यापाड्यांतली पोरं. एका खोलीत चार कॉट, चार जिल्हे आणि एकच आरसा. म्हणजे महाराष्ट्राची खेडी पेठेत येऊन राहिली आणि पेठेतल्या माणसाने काय केलं? त्याने पानशेतच्या बाजूला फार्महाऊससाठी गुंठे घेतले. या गुंठ्यांच्या जाहिरातीत एक चमत्कार नेहमी वाचायला मिळतो : "पुण्यापासून अवघ्या पंचेचाळीस मिनिटांवर!" तोच डोंगर, तोच रस्ता, तेच खड्डे. प्लॉट विकायचा असला की पंचेचाळीस मिनिटं, आणि त्याच गावात शिक्षक, तलाठी किंवा डॉक्टर नेमायचा झाला की "अहो, फारच दुर्गम भाग!" अंतर किलोमीटरमध्ये मोजतात ही समजूत भूगोलाच्या पुस्तकापुरती ठीक आहे. प्रत्यक्षात ते कुणाला कुणाची गरज आहे यावरून मोजलं जातं.

गरजेचाच हिशेब करायचा तर तो पाण्यापासून करावा लागतो. पेशवाईत पेठांना पाणी हवं होतं म्हणून नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळ आणला गेला. मध्यवस्तीने स्वतःचं पाणी स्वतः भागवलं नाही, ही परंपरा तेव्हापासूनची. आज पुण्याची मदार खडकवासला साखळीतल्या चार धरणांवर आहे. त्यांचा एकूण साठा सुमारे २९ टीएमसी, आणि त्यातला २३ टीएमसीहून अधिक वेल्ह्याच्या पानशेत आणि वरसगाव या दोन धरणांत मावतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याच्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे माणसांसकट, संसारासकट कोसळले. त्या दिवशी वेल्हे आणि पुण्याची मध्यवस्ती यांत किती अंतर आहे हे पुण्याला कळलं; आणि पूर ओसरल्यावर प्यायला पाणी नाही म्हटल्यावर ते दुसऱ्यांदा कळलं. तिकडे भोरला १९२८ च्या सुमारास पुरं झालेलं भाटघर आहे, तेही २३ टीएमसीच्या पुढचं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांतल्या उसाला जातं. ज्यांच्या गावठाणांवर ही धरणं उभी राहिली, त्यांच्या डोंगरावरच्या वाड्या-वस्त्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पेठेत मात्र सकाळी नळाला पाणी अर्धा तास उशिरा आलं की वर्तमानपत्राला पत्र जातं. मध्यवस्तीला सगळं हाकेच्या अंतरावर वाटतं, कारण हाक मारायचं काम तिचं आणि धावत यायचं काम दुसऱ्याचं.

इथवर वाद जिंकल्यासारखा वाटतो, पण तिसरा आक्षेप अजून बाकी आहे आणि तो विनोदाने टोलवता येत नाही. रात्री दोन वाजता बाईला कळा सुरू झाल्या, भाताच्या बांधावर कुणाला साप चावला, म्हाताऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, तर? पेठेतला माणूस समोरचा जिना चढतो. वेल्ह्याच्या आतल्या वाडीवरचा माणूस आधी गाडी शोधतो, मग पावसात रस्ता शोधतो आणि मग पन्नास-साठ किलोमीटर पुणं शोधत जातो. दिवसा तो कितीही पक्का शहरी असला तरी शेवटची एसटी गेली की त्याचं शहरही तिच्याबरोबर जातं. मध्यवस्तीत राहण्याचा खरा फायदा हा एवढाच, आणि तो इतका मोठा आहे की त्याच्यापुढे मारुतींची संख्या, वाड्यांचे खांब आणि माझा युक्तिवाद, सगळंच फिकं पडतं. मात्र यातून वेल्हेकरांनी उठून पेठेत राहायला यावं असा निष्कर्ष निघत नाही. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली. कसबा पेठ आणि मंडई ही तिची स्थानकं पेठांच्या पोटात आहेत. ज्या वस्तीत दुचाकी उभी करायला जागा नाही, तिच्याखालून आपण रेल्वे नेली. मंडईतल्या भाजीला धक्का न लावता जमिनीखाली स्थानक बांधता येतं, तर वेल्ह्यात जमिनीवर, मोकळ्या हवेत, रात्री जागेवर असणारा एक डॉक्टर, धडकी रुग्णवाहिका आणि उशिराची एक एसटी ठेवणं याला काही कुणी अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणणार नाही. पुणेकराला पंचेचाळीस मिनिटांत फार्महाऊसवर पोचवणारा रस्ता उलट्या दिशेनेही तेवढाच लांब असला पाहिजे, एवढीच मागणी आहे.

तेव्हा निकाल असा : पुण्याची मध्यवस्ती हे एक चांगलं, नांदतं, जरासं भांडखोर खेडं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटायची असेल तर ती दुसऱ्यांना खेडवळ म्हणण्याची वाटावी. पेठेतल्या वाचकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी वेल्ह्याचा कुणी पिशवी सावरत, घाम पुसत तुमच्या दाराशी पत्ता विचारायला आला, तर "पाटी वाचता येत नाही का?" असं विचारू नका. आधी पाणी विचारा. ते त्याच्याच तालुक्यातून आलेलं आहे.