देव पलतडी

पडक्या देवळाला मान मिळायचा तर मध्ये पाणी हवं, हे माझं जुनं मत. पुण्याहून नंदगडला आलेल्या भाच्यानं मोबाइलवर टिटिकाका सरोवराचे फोटो दाखवले आणि घरादाराला ते पटलं. बोलिव्हिया आणि पेरूच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,800 मीटर उंचीवर हे सरोवर. त्यात सूर्याचं बेट, बेटावर इंकांच्या दगडी पायऱ्या. सूर्य तिथंच जन्मला अशी इंकांची श्रद्धा. "आपनबी असलं कायतरी बघूया की," तात्या म्हणाले. बोलिव्हिया जरा लांब पडत होतं, म्हणून दिवाडी ठरली. मांडवीतलं बेट, गोव्याच्या कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचा तिथला. इतिहासाची ओढ इतकी, की सोमवार नको, संकष्टी नको, गुरुवार तर नकोच, असं पंचांग चाळून मासे चालतील असा वार काढला.

क्रूझर लोंढा, रामनगर करत अनमोड घाटात शिरली आणि आत्तीला गाडी लागली. तिनं कदंबांपासून भाच्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. कदंब म्हणजे गोव्याची बस नव्हे, राजघराणं, हे मी नातवाला समजावत होतो, तोवर जुनं गोवं आलं. दिवाडीला आजही पूल नाही, फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही म्हटल्यावर आत्ती ताडकन सरळ झाली. पलीकडे उतरताच म्हणाली, "परत एक फेरी मारून येऊया काय रे?"

पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे. शेजारच्या दफनभूमीत एक लहानसं प्रार्थनागृह, त्याच्या दगडी छतावर जुन्या देवळाचं कोरीवकाम अजून टिकून आहे. तात्या मान वर करून इतका वेळ बघत राहिले, की मान खाली आणायला दोघं लागले. मग बेटाच्या टोकाला, जुन्या नारव्यात. देवळाची जागा, तळी, झाडी.

"आन् देव कुठं हाय?" आत्तीनं एका म्हाताऱ्याला विचारलं.

त्यानं शांतपणे नदीकडे बोट केलं. "देव पलतडी."

इंकांकडे 1530च्या दशकात स्पॅनिश गेले, आमच्या वाट्याला त्यांचेच शेजारी पोर्तुगीज आले. सोळाव्या शतकात त्यांनी देऊळ पाडलं, भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या नारव्याला नेलं, 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. थोडक्यात, देवानं बेट सोडून साडेचारशेहून अधिक वर्षं झाली आणि नंदगडचे पाहुणे नारळ घेऊन आत्ता पोचले होते. आत्तीनं काठावरूनच हात जोडले. नारळ मात्र फोडला नाही. "पलीकडं जाऊनच फोडायचा. फेरी फुकटच हाय नव्हं?"

मासे झाले, घाट चढलो. परतीच्या वाटेवर भाच्यानं निरागसपणे विचारलं, "मामा, कदंबांचं आपल्याकडे काहीच नाही का?" गाडीत कोणी बोलेना. नंदगडच्या अगदी जवळ हलशी आहे. एके काळची कदंबांची दुसरी राजधानी. गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात उभारलेलं देऊळ तिथं धडधाकट आहे, इंकांच्या साम्राज्याहून सुमारे अडीचशे वर्षांनी थोरलं. एका गाभाऱ्यात भूवराह, समोरच्या गाभाऱ्यात नरसिंह. आमचं हलशीला जाणं होतं ते लग्नाला, आणि तेही जेवणाच्या वेळेला.

तेव्हा वाचकहो, दिवाडीला जरूर जा, पण बेट ओलांडून नारव्याची दुसरी फेरी चुकवू नका. आणि आमच्या खानापूरकडे आलात तर हलशीलाही या. बोट लागत नाही, आणि देव जागेवर आहेत.