पृथ्वी गोल, पाचशे पौंड गुल

समुद्राकडे बघा. सपाट दिसतो ना? झालं तर मग. पृथ्वी सपाट!

ज्ञान इतकं स्वस्त असेल, तर वेधशाळा कशाला पोसायच्या?

किनाऱ्यावर उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर असतं. पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटर. शितावरून भाताची परीक्षा होते, हे कबूल. पण पातेल्याचा आकार कसा कळणार?

आपल्या भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’त हे सांगून टाकलंय. परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, पृथ्वी अफाट आणि माणूस चिमुकला. यातलं शेवटचं कलम सपाटवाल्यांना आजही मान्य नाही.

हा सगळा तमाशा नीट बघायचा तर इंग्लंडात जावं लागतं. नॉरफोकमध्ये ओल्ड बेडफर्ड नावाचा कालवा आहे, सहा मैल सरळसोट. १८३८ साली सॅम्युअल रोबॉथम नावाचे गृहस्थ त्यात उतरले. डोळा पाण्यापासून आठ इंचांवर, नजर दूर जाणाऱ्या होडीवर. गणिताप्रमाणे ती केव्हाच आड जायला हवी होती. गेली नाही. पुढे १८४९ मध्ये त्यांनी पुस्तिका काढली, पण ‘पॅरॅलॅक्स’ या टोपणनावाने. पृथ्वीचा आकार ठणकावून सांगणाऱ्याने स्वतःचं नाव तेवढं क्षितिजाखाली ठेवलं.

होडी दिसली कशी? पाण्यालगतची हवा गार आणि दाट, वरची उबदार आणि विरळ. अशा थरांतून प्रकाश खाली वाकत येतो आणि आड गेलेली वस्तूही वर उचलल्यासारखी दिसते.

म्हणजे वाकडा होता प्रकाश, आणि सरळ ठरली पृथ्वी.

१८७० मध्ये जॉन हॅम्पडन यांनी जाहीर पैज लावली. पृथ्वी गोल आहे हे दाखवा, पाचशे पौंड घ्या! पैज उचलली आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी. डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारे हेच ते वॉलेस. त्यांनी आधी भूगर्भशास्त्रज्ञ लायेल यांचा सल्ला घेतला. लायेल म्हणाले, जरूर करा, या लोकांची तोंडं बंद होतील.

मोठी माणसंही किती भाबडी असतात!

वॉलेस तरुणपणी जमिनीची मोजणी करत, त्यामुळे पाण्याला डोळा चिकटवायची चूक त्यांनी केली नाही. कालवा तोच. एका पुलावर दुर्बीण, सहा मैलांवरच्या पुलावर काळी पट्टी, मध्ये खांबावर खूण. तिन्ही पाण्यापासून तेरा फुटांवर. पृथ्वी सपाट असती तर तिन्ही एका रेषेत आली असती. मधली खूण वर दिसली.

हॅम्पडन यांच्या पंचाने दुर्बिणीत पाहिलं आणि जाहीर केलं, आपण जिंकलो! आणि खुद्द हॅम्पडन? त्यांनी दुर्बिणीला डोळाच लावला नाही. पंचावर विश्वास आहे म्हणाले.

पाहिलंच नाही, तर हरणार कसे?

निकाल वॉलेस यांच्या बाजूने लागला. मग सुरू झाली हॅम्पडन यांची शिवीगाळ. ‘नवरा हाडं मोडून घरी येईल’ अशा थाटाचं पत्र थेट वॉलेस यांच्या पत्नीला गेलं. हॅम्पडन तुरुंगाची हवा खाऊन आले आणि पुन्हा लिहू लागले. वर कोर्टाने सांगितलं, पैज कायद्याने वसूल होत नाही, हॅम्पडन यांचे पैसे परत करा. जिंकलेल्याच्या पदरात काय? खटल्यांचा खर्च.

१९०४ मध्ये सपाटवाल्या लेडी ब्लाउंट यांनी त्याच कालव्यावर फोटो काढवून घेतला. पुन्हा पृथ्वी सपाट! कॅमेरा नवा, हवा तीच.

आता झूमवाले आलेत. ‘झूम केलं की बुडालेलं जहाज परत येतं.’ येतं ना, लांब गेल्यामुळे बारीक झालेलं परत येतं. पाण्याआड गेलेला तळ कितीही झूम केलं तरी येत नाही. झूम वस्तू मोठी करतं, पाणी बाजूला सारत नाही.

२०१८ च्या ‘बिहाइंड द कर्व्ह’ या माहितीपटात तर सपाटवाल्यांनी स्वतःच फिरणं मोजणारं महागडं जायरोस्कोप आणलं. त्याने दाखवलं, तासाला १५ अंश. चोवीसने गुणा, पूर्ण फेरी होते. मग मंडळींनी पृथ्वी फिरते असं मानलं? छे! आकाशातल्या कसल्याशा ऊर्जेवर आळ घेतला.

तेव्हा वादात उतरण्याआधी समोरच्याला एकच विचारा: काय दिसलं, तर तुम्ही हरलात असं मानाल?

उत्तर मिळालं, तर दुर्बीण काढा. नाही मिळालं, तर पाकीट काढू नका.